फेझला जाताय? गल्ली चुकेल, चुकू द्या!

फॉरेन ट्रिप म्हटलं की आपल्या कट्ट्यावर ठरलेली नावं निघतात. बजेट टाइट असेल तर थायलंड किंवा बाली, घरचे पैसे देणार असतील तर दुबई आणि नोकरी लागल्यावर कधीतरी युरोप. आफ्रिकेचं नाव कुणी काढलंच, तर पुढचा प्रश्न 'सिंह बघायला का?' हाच असतो.

आज मी तुम्हाला आफ्रिकेतल्या अशा एका शहरात घेऊन जाणार आहे, जिथे सिंह नाही, समुद्र नाही, सेल्फी काढावा असा उंच टॉवरही नाही. तिथे गल्ल्या आहेत. नऊ हजारांहून जास्त गल्ल्या, असं म्हणतात. काही गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून माणूस आला तर एकाला भिंतीला चिकटून अंग चोरावं लागतं. शहराचं नाव फेझ, देश मोरोक्को.

मोरोक्को ऐकलेल्या लोकांनी माराकेश ऐकलेलं असतं, नाहीतर इन्स्टावर निळंशार शेफशावन पाहिलेलं असतं. फेझच्या वाट्याला बहुतेक पर्यटक एकच दिवस देतात. सकाळी गाइड, अकरा वाजता कातडी कमावायच्या टाक्यांचा फोटो, दुपारी पुढची बस. मी 2025 च्या मे महिन्यात परीक्षा संपल्या संपल्या गेले होते. आतेबहीण कॅसाब्लांकात नोकरी करते, तिकिटाचे पैसे घरच्यांनी दिले, बाकी खर्च माझ्या साठवणीतला. आठ दिवसांपैकी पाच दिवस मी फेझमध्ये काढले आणि तरी पोट भरलं नाही. तेव्हा तुमच्यापैकी कुणी कधी जाणार असेल, तर हे माझं आग्रहाचं सांगणं. किमान तीन दिवस द्या आणि एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. फेझ हे म्यूझियम नाही. तिथे लोक राहतात, काम करतात, शिकतात, नोकरी शोधतात. आपण त्यांच्या गल्लीत गेलेले पाहुणे आहोत. पाहुण्यासारखं वागलं तर हे शहर भरभरून देतं.

आधी नकाशा डोक्यात बसवा

फेझ म्हणजे खरं तर तीन शहरं. सगळ्यात जुनं फेझ अल-बाली. आठव्या शतकाच्या शेवटी, 789 च्या सुमाराला वसायला लागलेलं. त्याला चिकटून फेझ अल-जदीद, म्हणजे 'नवं फेझ'. हे 'नवं' 1276 मधलं आहे, तेव्हा जुनं म्हणजे काय असेल याचा अंदाज करा! आणि तिसरं, फ्रेंचांनी विसाव्या शतकात वसवलेलं 'व्हिल नुव्हेल'. रुंद रस्ते, कॅफे, रेल्वे स्टेशन सगळं तिथे. फ्रेंचांनी जुनं शहर पाडलं नाही, शेजारी नवं बांधलं. त्यामुळे जुनी 'मदिना' जशीच्या तशी राहिली आणि 1981 मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

मदिनेत शिरायचं ते बाब बू जलूद या दरवाज्यातून. बाहेरच्या बाजूने निळा, आतल्या बाजूने हिरवा. फेझच्या प्रत्येक पोस्टकार्डवर हाच दरवाजा असतो. गंमत म्हणजे एवढ्या जुन्या शहराची ही ओळख 1913 मध्ये बांधलेली आहे. म्हणजे आपलं गेटवे ऑफ इंडिया आणि हा दरवाजा जवळजवळ एकाच काळातले.

दरवाज्यातून आत गेलात की दोन मुख्य गल्ल्या लागतात. तलाआ कबीरा आणि तलाआ सगीरा, म्हणजे मोठा चढ आणि छोटा चढ. कबीर आणि सगीर हे शब्द आपल्याला अगदीच अनोळखी नाहीत. दोन्ही गल्ल्या उतरत उतरत शहराच्या मध्याकडे, करावियीन मशिदीकडे जातात. आणि इथेच फेझची किल्ली आहे. शहर वाटीसारखं आहे. उतार म्हणजे मध्य, चढ म्हणजे दरवाजा. मोबाइलचा नकाशा या गल्ल्यांत गोंधळतो, निळा ठिपका भलत्याच घराच्या गच्चीवर जाऊन बसतो. तेव्हा घाबरू नका. चढाच्या बाजूने आणि जिथे माणसांची वर्दळ आहे त्या गल्लीने चालत राहा. कुठल्या ना कुठल्या दरवाज्याशी निघालच. तिथून लाल रंगाची 'पेती टॅक्सी' पकडा, विषय संपला.

आणि कानात एक शब्द भरून ठेवा : 'बलाक!' म्हणजे 'बाजूला व्हा'. मदिनेत मोटारी नाहीत, म्हणून गॅसचे सिलिंडर, कोल्ड्रिंकची खोकी, ओली कातडी असं सगळं गाढव, खेचर किंवा हातगाडीवरून जातं. मागून 'बलाक' ऐकू आलं की आधी भिंतीला चिकटा, मग बघा कोण आहे ते. रील काढत उभं राहणाऱ्यांना खेचर रीलसकट बाजूला करतं.

आपल्यासारख्यांचंच शहर

फेझ मला जवळचं वाटलं याचं खरं कारण वेगळं आहे. हे शतकानुशतकं विद्यार्थ्यांचं शहर आहे.

करावियीनची सुरुवात परंपरेने 859 सालची सांगितली जाते. फातिमा अल-फिहरी नावाच्या एका बाईने वारशात मिळालेल्या पैशातून ही मशीद उभी केली. तिचं घराणं आजच्या ट्युनिशियातल्या कैरुआनहून आलेलं, त्यावरूनच 'करावियीन' हे नाव. पुढे मशिदीत शिकवणं सुरू झालं, वाढत गेलं आणि आज युनेस्को तिला जगातलं सर्वांत जुनं अखंड चालू असलेलं विद्यापीठ म्हणून ओळखते. सुरुवातीच्या शाळेला विद्यापीठ म्हणावं का, यावर इतिहासकार वाद घालतात. घालू देत. एका स्त्रीच्या पैशातून उभी राहिलेली संस्था अकराशेहून जास्त वर्षं चालू आहे, एवढंही मला पुरलं.

मोरोक्कोत मुस्लिम नसलेल्यांना बहुतेक मशिदींत प्रवेश नसतो, इथेही नाही. दारातून अंगण दिसतं, तेवढं शांतपणे बघा. आत घुसायचा प्रयत्न, दारात अडून फोटो, असलं काही करू नका. शेजारचं ग्रंथालय फार जुन्या हस्तलिखितांसाठी प्रसिद्ध आहे. इब्न खल्दून या इतिहासकाराने स्वतः भेट दिलेली त्याच्या ग्रंथाची प्रतही तिथे जपलेली आहे. या ग्रंथालयाच्या दुरुस्तीचं काम अझिझा शाऊनी या आर्किटेक्टने केलं. ती मूळची फेझचीच. बाईने सुरू केलं, बाईनेच सावरलं!

मशिदीत जाता आलं नाही तरी मदरसे आतून बघता येतात आणि ते चुकवायचे नाहीत. अत्तारीन मदरसा 1325 चा, बू इनानिया त्यानंतर साधारण पंचवीस-तीस वर्षांनी बांधलेला. खाली अंगण, पाण्याचा हौद, भिंतींवर रंगीत फरशांचे तुकडे जुळवलेली 'झेलीज' नक्षी, त्यावर चुन्यातलं कोरीवकाम, त्यावर देवदाराचं लाकूड. सगळे पर्यटक माना वर करून हेच बघत असतात. अत्तारीनमध्ये वर जायचा जिना उघडा असेल तर वर जा. तिथे विद्यार्थ्यांच्या खोल्या आहेत. म्हणजे हॉस्टेल! एवढुशी खोली, एक छोटी खिडकी, खाली दिसणारं संगमरवरी अंगण. लांबच्या गावांतून आलेली पोरं इथे राहून शिकायची. पुण्यात पेइंग गेस्ट म्हणून तिघींत एक खोली वाटून घेतलेल्या मुलीला त्या खोल्या बघून काय वाटलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

अत्तारीन हे नाव बाजूच्या मसाले आणि सुगंधी द्रव्यांच्या बाजारावरून पडलं. आपला 'अत्तर' आणि 'अत्तार' तोच. असे शब्द तिथे पावलोपावली भेटतात. साबणाला 'साबून', बिलाला 'हसाब' म्हणजे आपला हिशेब आणि सगळं संपलं की 'खलास'. मुंबईकरांना शिकवायची गरज नाही.

आणखी एक धागा सांगते, तो थेट आपल्या मातीत येतो. इब्न बतूता माहितीय ना? टँजिअरचा हा पोरगा 1325 मध्ये, वयाच्या 21 व्या वर्षी घरातून निघाला. मक्केला म्हणून निघाला आणि पुढे चालतच राहिला. दिल्लीत मुहम्मद तुघलकाने त्याला काझी केलं. पुढे तो आपल्या दौलताबादला आला, नंदुरबारवरून गेला, तिथल्या मराठ्यांबद्दलही त्याने सांगून ठेवलंय. दौलताबादच्या किल्ल्यातल्या अंधारकोठडीत मांजरापेक्षा मोठे उंदीर आहेत, ही ऐकीव गोष्टही त्याच्याच प्रवासवर्णनात आहे. आणि हे प्रवासवर्णन त्याने सांगितलं कुठे? फेझमध्ये. सुलतान अबू इनानच्या हुकमावरून इब्न जुझय्य या लेखकाने ते उतरवून घेतलं, 1355 मध्ये पूर्ण केलं. बू इनानिया मदरसा बांधणारा सुलतान तोच. त्या अंगणात उभी असताना मला दौलताबादची शाळेची सहल आठवली आणि हसू आलं. आपला उंदीर इतक्या लांब पोचला होता!

नाकाला पुदिना लावण्याआधी

शुआरा टॅनरीला तुम्ही जालच. फेझमध्ये जाऊन तिथे न गेलेला पर्यटक सापडणं कठीण. दगडी टाक्यांची मोठी चौकट, काही टाक्यांत चुना आणि कबुतरांची विष्ठा, काहींत रंग. विष्ठेतल्या अमोनियामुळे कातडं मऊ पडतं. माणसं त्या टाक्यांत उतरून पायांनी कातडी तुडवतात. हे सगळं बघायचं ते भोवतालच्या चामड्याच्या दुकानांच्या गच्च्यांवरून. दुकानदार दारातच पुदिन्याची काडी हातात देतो, वास सहन व्हावा म्हणून.

फोटो भन्नाट येतो, नाकारत नाही. पण एक मिनिट थांबून बघा. आपण वर, सावलीत, पुदिना हुंगत. खाली ऊन, घाण पाणी आणि दिवसभर तेच काम. गच्चीवरच्या गर्दीला तो 'रंगांचा पॅलेट' दिसतो. कोल्हापुरी चप्पल किंवा धारावीतली चामड्याची पर्स घेताना ती बनवणाऱ्याचे हात आपल्याला दिसत नाहीत. इथे ते दिसतात, एवढाच फरक.

म्हणून माझे टॅनरीचे तीन नियम. एक, खालच्या माणसांच्या चेहऱ्यावर झूम करून फोटो काढायचे नाहीत. कामावर असताना आपला असा फोटो कुणी काढलेला आपल्याला चालेल का? दोन, गच्ची फुकट नसते. दुकानदाराची अपेक्षा असते, एकतर काही घ्या नाहीतर दहा-वीस दिरहम द्या. आधीच विचारा, म्हणजे नंतर वाद नको. तीन, घ्यायचं असेल तर भाव करा, पण रडकुंडीला आणेपर्यंत नको.

कारागिरी बघायचीच असेल तर त्याहून छान जागा सेफ्फारीन चौक. करावियीनच्या ग्रंथालयाला लागूनच. इथे तांब्या-पितळेची भांडी घडवतात. हातोड्यांचा ठोका एकमेकांत मिसळून अख्खा चौक वाजत असतो. पुण्यातल्या कसबा पेठेतली तांबट आळी ज्यांनी ऐकलीय, त्यांना डोळे मिटून कळेल कुठे आलोय ते. चौकातल्या कॅफेत पुदिन्याचा चहा घ्या आणि तासभर नुसते बसा. नज्जारीन म्हणजे सुतारांचा चौकही जवळच. तिथली जुनी सराई आता लाकूडकामाचं म्यूझियम झालीय. खाली जनावरं आणि माल, वर व्यापाऱ्यांच्या खोल्या अशी ती रचना. गच्चीवर चहाही मिळतो.

'हॅलो, इंडिया? शाहरुख खान!'

आता ज्या गोष्टीबद्दल सगळे ट्रॅव्हल व्हिडिओ घाबरवतात, त्या गोष्टीबद्दल. मदिनेत तुमच्याच वयाची पोरं जवळ येतात. 'रस्ता पुढे बंद आहे', 'टॅनरी इकडे', 'मी नुसता विद्यार्थी आहे, इंग्लिशची प्रॅक्टिस करतोय'. मागे गेलात की ओळखीच्या दुकानात नेतात, शेवटी पैसे मागतात. भारतीय आहात कळलं की आधी शाहरुख खान येतो. तिथे हिंदी सिनेमाचं खरंच वेड आहे.

सरकारमान्य गाइडकडे ओळखपत्र असतं. पहिल्या दिवशी अर्ध्या दिवसासाठी असा एक गाइड घ्या, पैसे आधी ठरवा, 'दुकानं नकोत' हेही आधी सांगा. बाकीच्यांना हसून 'ला, शुक्रन' म्हणजे 'नको, धन्यवाद' म्हणा आणि चालत राहा. थांबू नका, चिडू नका, खोटं बोलू नका.

इतकं सांगून मी थांबले असते. पण तिसऱ्या दिवशी अशाच एका मुलाशी बोलणं झालं. आधी त्याला दोनदा 'ला, शुक्रन' म्हटलं होतं. तिसऱ्यांदा तो हसला, म्हणाला, आज धंदा नाही, बसून बोलू. चहाच्या टपरीबाहेर आम्ही दोघी आणि तो असे अर्धा तास बसलो. वय 23. इंग्रजी साहित्यात डिग्री. कॉल सेंटरला अर्ज केलाय, अजून उत्तर नाही. परवाना नसताना गाइडगिरी केली तर पोलीस पकडतात, हे त्याला माहीत होतं. घरात धाकटी बहीण शिकतेय. मग त्याने मला विचारलं, तू डिग्रीनंतर काय करणार? मी सांगितलं, इंटर्नशिप. पगार? मी मान हलवली. तो इतका जोरात हसला की चहावाल्याने वळून पाहिलं.

मोरोक्कोच्या सरकारी आकड्यांनुसार 2024 मध्ये 15 ते 24 वयोगटातली बेरोजगारी 36 टक्क्यांच्या वर होती. सप्टेंबर 2025 च्या शेवटी तिथली तरुण मुलं 'जेन-झी 212' या नावाने रस्त्यावर उतरली. 212 हा देशाचा फोन कोड. डिस्कॉर्डवर जमून त्यांनी मागितलं काय, तर चांगली हॉस्पिटलं, चांगल्या शाळा, नोकऱ्या. 2030 च्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या स्टेडियमना पैसा आहे मग आम्हाला का नाही, असा त्यांचा सवाल होता. मी त्या मुलाला मेसेज केला. तोही गेला होता, घरी न सांगता.

याचा अर्थ प्रत्येकाच्या मागे जा असा नाही. परवाना असलेल्या गाइडलाच पैसे द्या, हे माझं मत कायम आहे. फक्त 'फेझमध्ये सगळे फसवतात' असं कुणी म्हटलं, तर समोरचा मुलगा कोण आहे ते मला आता माहीत आहे. तो आपल्याच बॅचचा आहे.

खायचं काय?

शाकाहारी असाल तर घरून थेपल्यांचं पोतं न्यायची गरज नाही. 'ब्ला ल्हम' म्हणजे 'मांस न घालता' एवढं म्हणायला शिका, कारण सूपमध्ये कधीकधी मटणाचा अंश असतो.

सकाळी 'बिसारा' प्या. वालासारख्या सुक्या फावा बिन्सचं घट्ट सूप, वरून ऑलिव्ह तेल आणि जिरेपूड. मी दहा दिरहमच्या आत वाटीभर घेतलं, पाव सोबत. 'म्समन' म्हणजे घड्या घालून तव्यावर भाजलेली चौकोनी पोळी, मध लावून खातात. 'बग्रीर' बघून तुम्ही म्हणाल, अरे ही तर आंबोळी! 'झालूक' म्हणजे टोमॅटो घातलेलं वांग्याचं भरीत. आणि माझा फेव्हरेट, 'माकूदा'. बटाट्याची तळलेली टिक्की, पावात भरून, वर तिखट सॉस. लसणाची चटणी तेवढी नाही, नाहीतर दादरला उभी आहे असंच वाटलं असतं.

मांसाहारी मंडळींनी फेझची 'पस्तिया' खायलाच हवी. पातळ पापुद्र्यांत कबुतर किंवा चिकन, बदाम आणि वर चक्क पिठीसाखर-दालचिनी. पहिला घास गोंधळवतो, दुसरा पटतो. शुक्रवारी घरोघरी कुसकुस असतं. त्या दिवशी मदिनेतली बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा खरेदी शुक्रवारी ठेवू नका.

सकाळी गल्लीत डोक्यावर कणकेच्या गोळ्यांचा ट्रे घेतलेली मुलं दिसली तर बघत राहा. बऱ्याच घरांतला पाव अजून मोहल्ल्याच्या सामायिक भट्टीत भाजला जातो. भट्टीवाल्याला कुठला पाव कुणाचा हे बरोबर लक्षात असतं. आपल्याकडे दिवाळीत नानकटाईचे ट्रे बेकरीत नेतात तसंच, फक्त हे रोजचं.

मुलींनो, जरा इकडे

मी आणि ताई अशा आम्ही दोघीच होतो. डोकं झाकायची गरज नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले असले की बरं. गल्लीत शेरे ऐकू येतात, तेवढे आपल्याकडेही येतात. न बघता पुढे चालणं हे सगळ्यात उपयोगी. कुणी फारच मागे लागलं तर सरळ एखाद्या दुकानात शिरा, शक्यतो जिथे बायका खरेदी करतायत तिथे. राहायची जागा मोठ्या दरवाज्याजवळ घ्या, म्हणजे अंधार पडल्यावर लांब आतल्या गल्ल्यांतून जावं लागत नाही. रात्री गल्ल्या फार लवकर रिकाम्या होतात.

आणि जायच्या आधी फातिमा मेर्निस्सी वाचा. ही समाजशास्त्रज्ञ 1940 मध्ये फेझमध्ये जन्मली. मदिनेतल्या हरममधलं म्हणजे एकत्र कुटुंबाच्या बंद वाड्यातलं बालपण तिने लिहून ठेवलंय. इंग्रजीत 'ड्रीम्स ऑफ ट्रेसपास' हे पुस्तक मिळतं. फेझची घरं बाहेरून कोऱ्या भिंतींची का असतात आणि आत अंगणात, गच्चीवर काय चालतं, हे ते वाचून समजतं. फेझचीच मलिका अल-फासी हीसुद्धा लक्षात ठेवा. 11 जानेवारी 1944 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारी एकमेव स्त्री. मुलींच्या शिक्षणासाठी ती लिहीत राहिली.

कामाचं बोलू

• व्हिसा लागतो. आधी काढायचा. मोरोक्कोच्या सरकारी साइटवरच नियम बघा, एजंटच्या बोलण्यावर जाऊ नका.

• दुबई किंवा दोहामार्गे कॅसाब्लांका गाठता येतं. तिथून रबात, मेकनेस करत फेझला ट्रेनने साधारण चार तास. सेकंड क्लास उत्तम आहे.

• 2025 मध्ये एक दिरहम साधारण नऊ रुपयांचा होता, जायच्या आधी ताजा दर बघा. दिरहम भारतातून घेऊन जायच्या भानगडीत पडू नका, तिथे एटीएममधून काढा. मदिनेत रोख लागते, सुट्टे जवळ ठेवा.

• हॉस्टेलमध्ये बेड शंभर-दीडशे दिरहमला मिळाला. मदरसे, म्यूझियम प्रत्येकी वीस दिरहमच्या आसपास. खाण्यावर दिवसाला शंभर दिरहम ठेवले तर चंगळ होते.

• पेती टॅक्सीत मीटर असतो, तो टाकायला सांगा. रात्री भाडं दीडपट होतं.

• मार्च ते मे किंवा सप्टेंबर ते नोव्हेंबर बरा. उन्हाळ्यात पारा चाळिशीला जातो. रमजानमध्ये दिवसा बहुतेक खाणावळी बंद असतात, पण संध्याकाळी उपवास सुटल्यावरची रौनक औरच, असं ताई सांगते.

• जमलं तर 1994 पासून भरणाऱ्या जागतिक सूफी-भक्ती संगीताच्या महोत्सवाच्या तारखा बघून जा. काही कार्यक्रम फुकट असतात.

• एक संध्याकाळ डोंगरावरच्या मरीनी सुलतानांच्या थडग्यांपाशी काढा. वाटीतलं अख्खं शहर खाली दिसतं आणि मगरिबची अजान एका मिनारावरून दुसऱ्यावर पसरत जाते. अंधार व्हायच्या आत मात्र खाली या.

• 'सलाम', 'शुक्रन', 'बश्हाल?' म्हणजे 'कितीला?', 'साफी' म्हणजे 'बस, झालं'. एवढ्या चार शब्दांवर पाच दिवस निघतात. आकडे तिथेही आपल्यासारखेच 1, 2, 3 लिहितात, त्यामुळे भाव वाचता येतो.

हे सगळं वाचून 'पैसे कुठून आणू?' असं वाटलं असेल, तर बरोबरच आहे. तिकीट महाग आहे, मलाही ते स्वतःच्या जिवावर परवडलं नसतं. पण ठरवलेल्या गोष्टीसाठी दोन-तीन वर्षं पैसे साठवता येतात. दरम्यान फुकट असलेलं एक काम आहे. रविवारी सकाळी आपल्याच गावातल्या जुन्या पेठेत, तांबट आळीत, चांभारांच्या गल्लीत जा. मोबाइल खिशात ठेवा आणि काम करणाऱ्या माणसाला 'बसू का जरा?' असं विचारा. फेझसाठी याहून चांगली तयारी मला माहीत नाही.

आणि हो, पासपोर्ट काढलाय का? नसेल तर या आठवड्यात अर्ज करा. सुरुवात तिथूनच होते.